पायाच्या एकेचाळीस चिठ्ठ्या

१

अधिष्ठात्यांच्या टेबलावर दहा-दहा चिठ्ठ्यांच्या चार गड्ड्या ओळीने रचलेल्या होत्या. एकेचाळिसावी चिठ्ठी मात्र काचेच्या वजनाखाली एकटीच ठेवलेली होती. प्रत्येक चिठ्ठीवर यंत्राने एकच तक्रार छापली होती : पाय.

"आणि ह्या एकेचाळीस जणांपैकी एकाच्याही पायाला काही झालेले नव्हते," अधिष्ठाते डॉ. हिलाल चौधरी म्हणाले.

समोर बसलेल्या अभिमन नानांनी चिठ्ठ्यांना हात लावला नाही. त्यांनी आधी चष्मा पुसला, वही उघडली, वर तारीख घातली : शुक्रवार, १७ जानेवारी १९९७. धुळ्याच्या तंत्रनिकेतनात तीस वर्षे उपकरणशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते. पण मोजल्याशिवाय बोलायचे नाही, ही सवय काही निवृत्त झाली नव्हती. काल दुपारी हे यंत्र बनवणारा त्यांचा जुना विद्यार्थी भटू सोनवणे याचा फोन आला, आणि आज सकाळच्या पहिल्या एसटीने नाना जळगावात, मेहरूणच्या रस्त्यावरच्या ह्या शिक्षण-रुग्णालयात हजर झाले होते.

"ही एकटी चिठ्ठी कोणाची?"

"वच्छलाबाई. पारोळ्याकडच्या. सोमवारी पोट धरून आल्या. यंत्राने पायाची चिठ्ठी दिली, त्या अस्थिरोग विभागाच्या बाकावर तीन तास बसून राहिल्या. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होते. वेळेवर ऑपरेशन झाले म्हणून आज वॉर्डात बसून चहा पीत आहेत." डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "नाना, यंत्र नवीन आहे. टच स्क्रीन. रुग्णाने पडद्याआड एकट्याने बसायचे, काचेवरच्या माणसाच्या चित्रात जिथे दुखते तिथे बोट लावायचे. मग चार चेहरे येतात, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. किती दुखते ते सांगायचे. की चिठ्ठी बाहेर. चारचौघांत बायका बोलायला लाजतात, म्हणून ही सोय. शिवाय प्रत्येक नोंद साठते, आणि आमची मुले तिच्यावरून निदान शिकतात. पहिला आठवडा उत्तम गेला. ह्या सोमवारपासून हा घोटाळा."

"कोणावर संशय आहे?"

"संशय नाही, साक्ष आहे. लिपिकाने अकरा रुग्णांचे जबाब घेतले. अकराही जणांनी एकच सांगितले : चिठ्ठी बाबांनी दिली."

"बाबा म्हणजे?"

"कौतिक. बाह्यरुग्ण विभागाच्या दारावरचा शिपाई. सारे रुग्णालय त्याला बाबा म्हणते. तीस वर्षे कोणी कुठल्या खोलीत जायचे हे तोच सांगत आला. आता ते काम यंत्राकडे गेले. मी त्याला मेमो दिला आहे. उद्या सकाळी दहाला निलंबनाच्या कागदावर सही करायची आहे, आणि खरे सांगतो, माझा हात उचलला जात नाही."

नानांनी वहीत लिहिले : *बाबा*. आणि का कोण जाणे, त्या शब्दाखाली त्यांनी रेघ मारली.

२

यंत्राची खोली बाह्यरुग्ण विभागाच्या कोपऱ्यात होती. जाड निळ्या पडद्यापाशी पोचताच नानांचा पाय अडखळला. दाराशी चपलांचा ढीग पडला होता.

"ह्या कोणाच्या?"

"पेशंटांच्या, सर," भटू म्हणाला. तिशीच्या आतला, उंच आणि चार दिवसांच्या जागरणाने सुकलेला. "आत नवी फरशी घातली आहे ना. लोक बिचारे जपतात."

नानांनी ढिगाकडे एकदा आणि आतल्या फरशीकडे एकदा पाहिले. फरशी काही नवी वाटत नव्हती.

यंत्र सागवानी पेटीत बसवलेले होते. ट्यूबलाइटची तिरीप काचेवर पडू नये म्हणून सुताराने वर पुढे आलेली कमान केली होती. काचेभोवती जाड काळी चौकट. चौकटीतून न दिसणारे किरण काचेवरून आडवे-उभे धावतात, बोटाने ते अडले की यंत्राला जागा कळते, हे भटूने सांगितले आणि नानांनी मान डोलावली. आत माणूस उभा होता : सरळ, तळवे समोर वळवलेले, पाय किंचित फाकलेले. गोरापान, शांत चेहऱ्याचा, मागे निळसर प्रकाश.

"शरीरशास्त्राच्या पुस्तकात असाच उभा असतो, सर. तळवे पुढे. पहिल्या आठवड्यात नुसते रेघांचे चित्र होते, चेहराही नव्हता. डॉक्टर म्हणाले, फार भकास दिसते. म्हणून रतिलाल पेंटरकडून हे रंगवून घेतले आणि रविवारी बसवले."

"रविवारी आणखी काय बदललेस?"

"काही नाही. शपथ घेतो. चित्र तेवढे बदलले. कुठली जागा म्हणजे कुठला अवयव हा तक्ता जुनाच आहे."

"शपथ नको. यंत्र पहिल्यापासून चालू कर."

काच पुन्हा उजळली आणि एका बाईचा प्रेमळ आवाज आला, "नमस्कार. समोरच्या चित्राकडे पाहा. घाबरू नका. जिथे दुखते, त्या जागेवर एक बोट ठेवा."

नानांनी पोटावर बोट ठेवले. चिठ्ठी आली : पोट. छातीवर ठेवले : छाती. त्यांनी हातमोजा घालून पाहिले, पेन्सिलीने पाहिले, कोपराने पाहिले, उलट्या हाताने पाहिले. वीस वेळा, प्रत्येक वेळ वहीत टिपून. वीसही चिठ्ठ्या बरोबर निघाल्या.

"काच कधी पुसली होती?"

"काल सकाळी. तुम्ही येईपर्यंत पुसू नको म्हणालात, म्हणून राहू दिली."

नानांनी पिशवीतून आरेखनाचा पारदर्शक कागद काढला, काचेवर ताणून धरला आणि पेन्सिलीने दिसेल तो डाग त्यावर उतरवू लागले. त्याला पाऊण तास लागला. चित्रातल्या पायांपाशी बोटांचे ठसे जोडीजोडीने होते. एका बोटाचे नव्हे, दोन पंजांच्या अग्रांचे. आणि मधल्या ओळीत, जिथे पुढच्या प्रश्नाचे चार चेहरे येतात, तिथे बारीक लालसर कण चिकटलेले होते. रडक्या चेहऱ्याच्या जागी सर्वांत जास्त. पायांपाशी मात्र लाल रंगाचा मागमूस नव्हता.

नानांनी एक कण बोटावर घेतला, वास घेतला आणि स्वतःशीच म्हणाले, "कुंकू."

"सर, मशीन बिघडले आहे का?" भटूने विचारले.

"यंत्र निर्दोष आहे."

भटूचा चेहरा खुलला आणि लगेच पडला. यंत्र निर्दोष, म्हणजे माणूस दोषी. आणि दारावर माणूस एकच होता.

३

अस्थिरोग विभागाचे प्रमुख डॉ. धनसिंग पाटील हे आवाजाने आणि देहाने दांडगे होते. पुढच्या महिन्यात महाविद्यालयाची तपासणी होती, आणि ज्याच्या दारात रुग्ण जास्त त्याच्या विभागाचे वजन जास्त. ही गोष्ट नानांच्या कानावर कॅन्टीनपर्यंत जाता-येताच तीनदा पडली होती.

"विचारा, स्पष्ट विचारा!" धनसिंग गरजले. "मीच रुग्ण पळवले म्हणतात ना? अहो नाना, माझ्या बाकावर पोटदुखीवाले, खोकलेवाले, एक तर कानात दाणा गेलेला! काय प्लॅस्टर घालू कानाला?"

"तुम्ही तक्रार कधी केलीत?"

"सोमवारी दुपारी. लेखी. ही तिची पोच."

नानांनी पोचेवरची वेळ टिपली. ज्याला गर्दी हवी असते, तो पहिल्याच दिवशी गर्दीची लेखी तक्रार करत नाही. त्यांनी वहीतले एक नाव खोडले.

परिचारिका कुंदाबाई औषधांच्या खोलीत भेटल्या. यंत्रातला तो आवाज त्यांचाच होता.

"माझा आवाज चांगला आहे म्हणाले, म्हणून दिला," त्या किंचित लाजून म्हणाल्या. "पण माझ्या आवाजाने कोणी फसले असेल तर मला झोप नाही लागायची, नाना. बाबांवर आळ घेतात हो! तो माणूस चतुर्थीचा उपास धरून दिवसभर दारात उभा राहतो, पण पेशंट उभा दिसला की स्वतःचे स्टूल देतो."

"तुमचे ते बोलणे किती वेळ चालते?"

"भटूने घड्याळ लावून मोजले होते. बारा सेकंद."

"आणि पेशंट पहिले बोट किती वेळाने लावतात?"

ते भटूच्या नोंदींत होते. नानांनी कागदांची भेंडोळी मागवून घेतली. बरोबर ठरलेल्या चिठ्ठ्यांत पहिला स्पर्श तेरा, पंधरा, अठरा सेकंदांनी झालेला होता. एकेचाळीस चिठ्ठ्यांत मात्र तीन ते पाच सेकंदांत. नानांनी दोनदा पडताळले. ह्या एकेचाळीस जणांनी काय करायचे ते ऐकून घेण्यापूर्वीच काचेला हात लावला होता.

कौतिक बाबा जिन्याखाली बसला होता. काळासावळा, उन्हाने रापलेला, गालफडे बसलेली, दोन्ही हात गुडघ्यांत. खाकी सदऱ्याच्या खिशातून मेमोची घडी डोकावत होती. नाना शेजारच्या पायरीवर बसले.

"बाबा, यंत्र आले तेव्हा तू काय बोलला होतास?"

"बोललो होतो, नाना. खोटं कशाला बोलू? म्हटलं, तीस वर्षं मी माणसाचं तोंड पाहून दार दाखवलं, आता ही काच दाखवणार. बठ्ठा दवाखाना हसला. पण बोलणं वेगळं न् करणं वेगळं."

"पडद्याच्या आत कधी गेलास?"

"साहेबांचा हुकूम होता, पेशंट आत असला की जायचं नाही. नाही गेलो. पण एक गोष्ट मी लपवेल आहे, नाना."

नानांची पेन्सिल थांबली.

"चिठ्ठ्या एकेचाळीस नाहीत. बेचाळीस निघाल्या. एक मी फाडली."

४

बुधवारी जामनेरकडचा एक म्हातारा छातीवर हात दाबून पडद्याबाहेर आला होता. अंगाला घाम सुटलेला, आणि हातात पायाची चिठ्ठी.

"मी त्याचं तोंड पाहिलं," कौतिक सांगत होता, "आणि चिठ्ठी पाहिली. चिठ्ठी खोटी होती, नाना. मी ती फाडली, त्याला खुर्चीवर घातलं आणि सरळ हृदयाच्या वॉर्डात नेलं. माणूस वाचला. पण यंत्राची चिठ्ठी शिपायानं फाडली, हे साहेबांना कसं सांगू? आधीच मेमो. यंत्राच्या नोंदीपेक्षा एक चिठ्ठी कमी भरते म्हणून लिपिक माझ्याकडेच पाहतो."

नानांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि उठले. हा माणूस चुका करत नव्हता, यंत्राच्या चुका निस्तरत होता. पण हे मनाला पटणे निराळे आणि उद्या दहा वाजता सिद्ध करणे निराळे. अकरा जबाब अजून उभेच होते.

म्हणून दुपारी ते स्त्रियांच्या वॉर्डात वच्छलाबाईंच्या खाटेशी जाऊन बसले. साठी ओलांडलेली काटक बाई. कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि डोळ्यांत मरणाच्या दारातून परत आल्याचा आनंद. शेजारच्या खाटेवरच्या बाईला त्या आपले ऑपरेशन दुसऱ्यांदा सांगत होत्या.

लिपिकाने जबाब कार्यालयीन मराठीत लिहून घेतले होते : 'मला चिठ्ठी बाबांनी दिली.' नाना मात्र मूळचे शिरपूरकडचे. त्यांनी वही मिटली आणि घरची बोली काढली.

"माय, कसं शे आते?"

म्हातारीचा चेहरा फुलला. "अरे, तू आपलाच शे का! बरं शे भाऊ. मन्हं पोट इतलं दुखी ऱ्हायन्तं, वाटनं आते जीव जास."

"मंग पायनी चिठ्ठी कोनी दिधी?"

"बाबानी दिधी."

"तुमनं पोट दुखस, असं सांगं नही का त्याले?"

"सांगं ना! त्याले बठ्ठं सांगं. पन त्यानी काय मनमा आनं, कोन जाने. मी म्हंतं, त्याले जास्त समजस. पायमाच काही व्हई."

नाना पुढे सरकले. "बाबा दिखस कसा, माय?"

"कसा म्हंजे? गोरा शे. हासरा. दोन्ही हात मोकळा धरी उभा ऱ्हास. बोलस मातर बाईना आवाजमा," म्हातारीने हात जोडून कपाळाला लावले, "लीला शे बाप्पा त्यानी!"

शेजारच्या खाटेवरच्या बाईनेही हात जोडले.

वॉर्डाबाहेर कुंदाबाई वाट पाहत होत्या. "काय म्हणाल्या? कौतिक बाबांचेच नाव घेतले ना?"

"सिस्टर, कौतिक गोरा आहे का?"

"बाबा? कोळसा परवडला!" त्या हसल्या आणि मग गोंधळल्या. "गोरा बाबा? आपल्या दवाखान्यात गोरा बाबा कोणी नाही."

"आहे," नाना म्हणाले. "रविवारपासून आहे."

५

शनिवारी सकाळी पावणेदहाला पडद्यापाशी पाच माणसे जमली : डॉ. हिलाल, डॉ. धनसिंग, कुंदाबाई, भटू आणि सर्वांपासून चार हात दूर भिंतीला टेकलेला कौतिक बाबा. निलंबनाचा कागद अधिष्ठात्यांच्या हातातल्या फाइलीत होता.

"मी कोणाचे नाव घेण्याआधी," नाना म्हणाले, "एक प्रयोग करू. रांगेतली एखादी आजीबाई येऊ द्या. तिला कोणीही काही सांगायचे नाही."

रांगेत पहिली होती तानुबाई. अमळनेरकडची, खांदा अवघडलेला, डावा हात उजव्या हाताने उचलून धरलेला.

"आक्का, हे डॉक्टर लोक मागे उभे राहून पाहतील. चालेल ना?"

"पाहा ना भाऊ. मी काय चोरी करी ऱ्हायनू?"

पडदा बाजूला झाला. तानुबाईने उंबऱ्याशी चपला काढल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला. सागवानी कमानीखाली काच उजळली, निळसर प्रकाशात तळवे पुढे धरून तो गोरा, शांत पुरुष उभा राहिला, आणि कुंदाबाईंचा आवाज म्हणाला, "नमस्कार..."

तानुबाईने दुखरा हातसुद्धा कण्हत वर उचलला. दोन्ही हातांची बोटे तिने त्या पुरुषाच्या पायांना लावली, मग कपाळाला लावली, डोळे मिटले आणि पुटपुटली, "बाबा, मन्हा खांदा दुखस रे. तूच देख आते."

डोळे उघडले तेव्हा काचेवर चार चेहरे आलेले होते. तिने रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवले. यंत्र गुरगुरले आणि चिठ्ठी बाहेर आली.

चिठ्ठी वाचायला कोणी पुढे झाले नाही. तिच्यावर काय छापले आहे ते सर्वांना ठाऊक होते.

"आक्का, पायाला हात का लावलात?" नानांनी विचारले.

तानुबाईने त्यांच्याकडे अशी नजर टाकली, जणू हा शिकलेला माणूस भलताच अडाणी निघाला. "देव उभा शे ना मोऱ्हे. पाया पडाशिवाय गाऱ्हानं कसं सांगू?"

कुंदाबाईंनी तोंडावर हात दाबला. धनसिंग मात्र मोकळेपणाने हसले आणि त्यांच्या हसण्याने खिडकीच्या काचा थरथरल्या.

नानांनी तो पारदर्शक कागद उलगडला. "हे सगळे काचेवर लिहिलेलेच होते. चपला पाहा. फरशी जपायला कोणी चपला काढत नाही. त्या देवाच्या दारात निघतात. पायांपाशीचे ठसे दोन-दोन पंजांचे आहेत. दुखणे दाखवायला एक बोट पुरते, दोन हात लागतात ते पाया पडायला. आता वेळ. एकेचाळीस जणांनी सिस्टरांची सूचना पुरी होण्याआधीच हात लावला. म्हणजे ते उत्तर देतच नव्हते, नमस्काराला नमस्कार करत होते. आणि हे कुंकू. ते पायांपाशी नाही, पुढच्या प्रश्नाच्या चेहऱ्यांवर आहे. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या स्पर्शाच्या मध्ये हात कपाळाला जाऊन आला. एवढे कळल्यावर चोर कोण ते विचारायचे उरत नाही."

"पण पहिल्या आठवड्यात असे झाले नाही," डॉ. हिलाल म्हणाले.

"पहिल्या आठवड्यात रेघांचा सांगाडा होता. त्याच्या कोण पाया पडेल? रतिलाल पेंटरने आयुष्यभर कॅलेंडरे आणि देवळे रंगवली. तुम्ही सांगितलेत, प्रसन्न माणूस काढ. त्याला जो प्रसन्न चेहरा येतो तोच त्याने काढला. तुमच्या पुस्तकाने तळवे पुढे करायला लावले, सुताराने कमान केली, भटूच्या यंत्राची चौकट झाली, आणि सिस्टर म्हणाल्या नमस्कार. एकाचीही चूक नाही, साहेब. चौघांनी आपापले काम चोख केले आणि मिळून एक देव्हारा बांधला. मी तपासले तेव्हा यंत्र बरोबर चालले, कारण मला ते नुसते चित्र होते. ज्यांना तो बाबा दिसला, त्यांचीच चिठ्ठी चुकली."

"बाबा," अधिष्ठाते पुटपुटले. "चिठ्ठी बाबांनी दिली..."

"जबाब खरेच होते. फक्त लिपिकाने विचारले नाही, कोणता बाबा."

मग नानांनी बेचाळिसाव्या चिठ्ठीची हकिगत सांगितली. घाम फुटलेल्या म्हाताऱ्याची, फाडलेल्या कागदाची, हृदयाच्या वॉर्डाची. डॉ. हिलाल ऐकत होते आणि कौतिक खाली मान घालून स्वतःच्या पायांकडे पाहत होता.

अधिष्ठात्यांनी फाइलीतला निलंबनाचा कागद काढला आणि सर्वांसमक्ष त्याचे दोन तुकडे केले. मग चार.

"फाडू नका, साहेब," कौतिक म्हणाला; त्याचे डोळे हसत होते. "सवय लागते."

"बाबा, मी तुमच्याशी चुकलो," डॉ. हिलाल म्हणाले. तीस वर्षांत ह्या दवाखान्यात कौतिकला कोणी पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हटले होते. "मेमोसुद्धा द्या इकडे."

कौतिकने खिशातली घडी काढून दिली. पुढे बराच वेळ त्याचा हात त्या रिकाम्या खिशावरून फिरत राहिला.

तेवढ्यात मागून करकरीत आवाज आला.

"अरे, पन मन्हा खांदानं काय?" तानुबाई अजून स्टुलावरच बसून होती.

धनसिंगांनी स्वतः पुढे होऊन तिचा हात अलगद धरला. "चला आजी. ह्या वेळी चुकून का होईना, चिठ्ठी माझ्याच विभागाची निघाली आहे."

६

आता काय करायचे, ह्यावर दुपारी चहाच्या वेळी दोन मते पडली. धनसिंग म्हणाले, चित्र काढून टाका, सांगाडा परत आणा. कुंदाबाई म्हणाल्या, पाटी लावा : पाया पडू नये.

"ज्यांना पाटी वाचता येते त्यांची चिठ्ठी चुकतच नाही," नाना म्हणाले. "आणि ज्या चेहऱ्यापुढे म्हातारी न लाजता आपले दुखणे सांगते, तो चेहरा काढून काय मिळवाल? तो राहू द्या. पण त्या माणसांना बदलण्यापेक्षा यंत्राला शिकवणे सोपे आहे. भटू, सूचना पुरी होण्याआधी पायाला जो स्पर्श होईल, तो यंत्राने नमस्कार म्हणून घ्यायचा. चित्र हलवायचे नाही. चिठ्ठी पुढच्या स्पर्शाची."

भटूने हातातला कप खाली ठेवला. "दहा-बारा ओळींचे काम आहे, सर."

"आणि खरेच पाय दुखणारा आला तर?" धनसिंगांनी अडवले.

"तो आधी पाया पडेल आणि मग पायावर बोट ठेवेल. तो दुसरा स्पर्श तुमचा. शिवाय पडद्याबाहेर कौतिक बाबांचे स्टूल ठेवा. चिठ्ठी घेऊन येणाऱ्याचे तोंड त्यांनी पाहायचे. तोंड आणि चिठ्ठी जुळले नाही तर त्यांनी थांबवायचे. तुमच्या मुलांनाही तासभर त्यांच्याशेजारी उभे करा. निदानाचा तो धडा काचेवर मिळणार नाही."

डॉ. हिलालांनी ते तिथल्या तिथे लिहून घेतले.

बुधवारी, २९ जानेवारीला, नाना पुन्हा जळगावला आले. भटूच्या ओळी तपासायला, असे त्यांनी घरी सांगितले होते. नोंदी त्यांनी तासभर तपासल्या : नऊ दिवस, तीनशे चौदा चिठ्ठ्या, पायाच्या अठ्ठावीस, आणि अठ्ठाविसांचेही पाय खरोखर दुखत होते. वहीत शेवटची ओळ लिहून त्यांनी खाली दुहेरी रेघ मारली.

पडद्याबाहेर कौतिक बाबा स्टुलावर बसला होता; दोन्ही बाजूंना पांढरे कोट घातलेली चार मुले उभी. "तोंड पाहा आधी," तो त्यांना सांगत होता. "कागद मागून."

तेवढ्यात हातात बोचके घेऊन वच्छलाबाई आल्या. त्यांना घरी सोडले होते. दारात मुलगा वाट पाहत उभा होता.

"आते कोठे, माय?" कौतिकने विचारले. "तुमना कागद झाया ना बठ्ठा?"

"जावानं शे. पन बाबाले सांगाशिवाय कशी जाऊ?"

कौतिकने नानांकडे पाहिले. नानांनी मान हलवली. पडदा बाजूला झाला, चपला बाहेर राहिल्या. काच उजळली, आवाज आला, "नमस्कार." वच्छलाबाईंनी दोन्ही हात पायांना लावले, कपाळाला लावले. चित्र जागचे हलले नाही. कुंदाबाईंचा आवाज शांतपणे पुढे म्हणाला, "जिथे दुखते, त्या जागेवर एक बोट ठेवा."

म्हातारी त्या गोऱ्या, हसऱ्या चेहऱ्याकडे क्षणभर पाहत राहिली.

"आते कोठेच दुखत नही, बाबा," ती म्हणाली, आणि कुठेही बोट न लावता बोचके उचलून बाहेर आली.

यंत्र दुसऱ्या स्पर्शाची वाट पाहत राहिले. चिठ्ठी आली नाही. कौतिकने म्हातारीचे तोंड पाहिले, दोन्ही बाजूंच्या मुलांना खुणेने पाहायला सांगितले आणि उठून तिला बाहेरचे दार दाखवले.